दोन बोटं लिवर

१० जानेवारी, शुक्रवार. सकाळी सहा.

रातभर डोळ्याला डोळा न्हाई. कारण असं की रातभर माझी दोन बोटं स्नेहाच्या पोटावर व्हती, उजव्या बरगडीच्या खाली. बोटं काढली की वाटायचं तेवढ्यात वाढलं. परत ठेवायचे. स्नेहा मस्त झोपली. सहा महिन्याची हाय, तिला काय टेन्शन.

ही डायरी खताच्या दुकानात फुकट भेटलेली, मागल्या सालची. छापलेली तारीख खोडून माझी लिवायलेय. सातवी शिकलेय, कुणी नावं ठेवू नये. ठेवणार कोण म्हणा. मी सोडून हे कुणी वाचणार न्हाई. ज्वारीच्या डब्यात, ज्वारीच्या खाली ठेवणार हाव.

झालं असं. काल लसीच्या सुईचा दिवस व्हता. बिदरला दवाखान्यात स्नेहाला नेलं. डॉक्टरीणबाईनं पोट दाबलं आन नर्सला म्हणल्या, लिवर दोन बोटं लागायलंय. माझं तोंड बघून नर्स म्हणली, एनू इल्लम्मा, म्हंजे काय न्हाई. डॉक्टरीणबाई बी म्हणल्या, लहान लेकराचं लिवर अंगाच्या मानानं मोठंच असतंय, वाढलं की आपोआप बरगडीत जातंय, वजन सात किलो हाय, चांगलं हाय, जावा घरी.

तिथं विषय संपला व्हता. मीच उकरला. आमच्या गावाला, कमठाण्याला, बसमधून उतरले, आत्याबाई (माझी सासू, नागूबाई) नेमक्या स्टँडच्या पायरीवर उभ्या. इचारल्या, काय म्हणली डॉक्टर. मला वाटलं आपल्याला बी डॉक्टरचं समजतंय हे दाखवावं. म्हणले, लिवर दोन बोटं हाय. बाकीचं सांगाय तोंड उघडलं, तवर आत्याबाई पायरीवर बसल्या. म्हणल्या, पोरीला लिवर झालं ग. डागावं लागतंय.

डागणं म्हंजे काय ते लिवाय बी कसंतरी होतंय. शेजारच्या वाडीत यल्लम्मा म्हणून म्हातारी हाय. तांब्याची सळी तापवती आन लेकराच्या पोटावर तीन डाग देती. चर्र वाजतंय म्हणं. वास येतोय म्हणं. शी.

आता ठरवलेलं लिवून ठेवते, म्हंजे बदलणार न्हाई. स्नेहाच्या पोटाला परत बोट लावायचं न्हाई. आज दुपारी भाकरी झाल्या की आत्याबाईला तोंडावर सांगायचं, माझ्या लेकीला डागू देणार न्हाई. आन नरसिंगअण्णाला फोन करायचा न्हाई. अण्णा माझा भाऊ, हुमनाबादला लॉरीचे टायर बसवतो. बारशाला आला तवा चार बायांच्या समोर म्हणला, आमची मल्ली कुणाला नगं म्हणत न्हाई, उद्या कुणी लेकरू मागितलं तरी व्हय म्हणंल, अडलं की फोन कर. बाया हसल्या. मी म्हणले, मेले तरी करणार न्हाई, माझं मी बघून घीन. तवापासून केला न्हाई.

दुपारी तीन. सांगितलं. म्हंजे सांगाय गेले. आत्याबाई म्हणल्या, यल्लम्माला निरोप धाडते, चालतंय न्हव. मी व्हय म्हणले. पण मनातनं न्हाई म्हणले.

११ जानेवारी, शनिवार.

पोट फक्त चार येळा मोजलं. सुधारणा हाय.

एक नवीन गोष्ट ध्यानात आली. डॉक्टरीणबाईची बोटं जाड हायती. माझी बारीक. माझ्या बोटानं तीन भरायलेत. आत्याबाईच्या अंगठ्यानं दीड भरंल. ह्याला मोजणं म्हणतेत व्हय? कापड घेताना असं मोजलं तर दुकानदाराला शिव्या देतो आपण.

संध्याकाळी ह्यांना इचारलं. हे म्हंजे शिवप्रसाद, माझा नवरा. नाव लिवलं तरी चालतंय, इथं कोण बघतंय. नौबादला हार्डवेअरच्या दुकानात कामाला हाय. ह्यांनी शर्ट वर केला आन पोट दाखवलं. तीन डाग. लग्नापासून बघायलेय, मला वाटायचं लहानपणी तव्यावर पडले असतील. म्हणले, आईनं मला डागलं, मी जिता हाव न्हव?

मी म्हणले, तुमचं लिवर कुठंय ते तरी बघू. बरगडीखाली दाबलं. गुदगुल्या होतेत म्हणून लोळाय लागले. कायच लागलं न्हाई. मंग ह्यांच्या मोबाइलवर बघितलं. मोठ्या माणसाचं लिवर दीड किलो असतंय म्हणं. दीड किलो! येवढी कलेजी पोटात घेऊन हा माणूस रोज माझ्या शेजारी झोपतो. जेवताना ह्यांच्याकडं बघवलं न्हाई. माझ्यात बी किलोभर असंल, ते आठवलं आन माझंच जेवण र्‍हायलं.

सहा महिन्याच्या लेकराचं पाव किलो. हे बी बघितलं. मंग ह्यांचा रिचार्ज संपला.

१२ जानेवारी, आयतवार.

मटन. आयतवारी असतंयच. मटन मी खाते. कलेजी न्हाई खात. ती कच्ची असताना बघितली की झालं. काळी, तांबडी, थलथलीत, चकाकती, ओल्या जिभेवाणी. हातात धरली की बोटाच्या मधनं सटकती. शिजली की वाळूवाणी. आत्याबाई म्हणल्या, अंगावर पाजतीस, खा, रगत वाढतंय. माझ्या ताटात चार फोडी टाकल्या. मी दोन कुत्र्याला टाकल्या, दोन पदरात बांधल्या. पदरातल्या इसरले. संध्याकाळी पदराला वास सुटला, मुंग्या चढल्या. शी शी.

पण त्यातनं एक प्लॅन निघाला. देवानं सुचवला म्हणाय हरकत न्हाई.

आत्याबाई कुणाच्या बोलण्यावर इश्वास ठेवत न्हाईत. डॉक्टरच्या न्हाई, टीव्हीच्या न्हाई, माझ्या तर अजिबात न्हाई. पण हातावर घेतलेल्या वजनावर ठेवतेत. सोयाबीनचं पोतं नुसतं उचलून किलो सांगतेत, काट्यावर पावशेराचा फरक निघत न्हाई. गावात नाव हाय त्यांचं. मंग मी काय करणार, तर एका हातात करडाची कलेजी आन एका हातात बोकडाची कलेजी देणार. इचारणार, आता सांगा, अंगाच्या मानानं कुणाची मोठी? करडाची! ते करडू काय आजारी व्हतं व्हय? मंग माझी स्नेहा बी आजारी न्हाई. संपला विषय.

भांडण न्हाई, रडणं न्हाई, अण्णाला फोन न्हाई. डोक्यानं काम.

यल्लम्मा पुढल्या सोमवारी येणार म्हणं, वीस तारखेला, दिवस उगवायच्या आधी, लेकरू उपाशी पोटी पाहिजे. लई टाइम हाय.

१३ जानेवारी, सोमवार.

प्लॅनची सुरुवात छोट्यापासनं केली. खुराड्यात एक पिल्लू मरून पडलं व्हतं, सकाळी. ब्लेडनं कापलं. मी असं काम कधी केलं न्हाई, परत करणार न्हाई. आतनं हिरवी पिशवी निघाली, हरभऱ्याएवढी. ती फुटली. सगळा हात हिरवा आन कडू. कडू कसं कळलं इचारू नये. तोंड पुसाय गेले.

पिल्लाची कलेजी तुरीच्या दाण्याएवढी. ह्यांनी दुकानातनं आणलेला छोटा काटा हाय, खिळे मोजायचा, त्याच्यावर ठेवली. काटा म्हणतोय शून्य. तीन येळा ठेवली. शून्य. दोनदा वकारी आली. तिसऱ्या येळी झालं.

स्नेहा पाळण्यातनं बघून हसायली व्हती.

पिल्लाचा प्रयोग मोजायचा न्हाई. पिल्लू मेलेलं व्हतं, त्याच्यात काय दम असणार. करडावर यायचं.

सरकारी दवाखान्याकडनं घरोघर येणाऱ्या आशाताईला इचारावं म्हणले, तर त्या भाचीच्या लग्नाला गेल्यात, बुधवारी बावीसला येणार. बरं झालं. आपलं आपण केलेलं बरं.

१४ जानेवारी, मंगळवार. सक्रात.

आज भांडणाचा दिवस न्हाई म्हणून गप बसले. तीळगूळ केला.

आत्याबाईनं स्नेहाला काळा फ्रॉक घातला, मांडीवर घेतलं, पोटाचा मुका घेतला. मंग आपल्या आपणच बोलाय लागल्या. ह्यांच्या आधी एक पोरगा झाला व्हता त्यांना. हे मला आजपतुर ठाऊक नव्हतं. आठ महिन्याचा झाला आन पोट घागरीवाणी फुगलं. त्यांची सासू म्हणली डागू. आत्याबाई म्हणल्या, मी भ्याले ग. लेकराला कवटाळून रातभर कोठ्यात बसले, डागू दिलं न्हाई. पंधरा दिसांत गेला. मंग शिवप्रसाद झाला, त्याचं जरा पोट वर आलं की मी स्वतः हातपाय धरले त्याचे. वाचला का न्हाई?

त्यांच्या डोळ्यात पाणी व्हतं. स्नेहाच्या पोटावर हात तसाच.

मला म्हणाय पाहिजे व्हतं की त्या पोराला वेगळंच कायतरी झालं असंल. म्हणाय पाहिजे व्हतं की तुमी तवा केलं ते बरोबर केलं, तुमी आई व्हता. हे मला आत्ता सुचायलंय, डायरी घेतल्यावर. तवा मी नाक पुसलं आन म्हणले, व्हय आत्याबाई.

त्यांच्यावर राग धरता येईना, हे लई वाईट झालं. रागावर माझा निम्मा प्लॅन व्हता.

१५ जानेवारी, बुधवार. कर.

सक्रातीचा दुसरा दिवस, सगळ्या गावाला मटन. बालाजीमामाच्या दुकानावर सकाळी आठला गेले. बालाजीमामा म्हंजे आमचा मटनवाला, कटिक, माझ्या बापाच्या वळखीचा. म्हणला, काय पाहिजे, पाय का मुंडी? मी म्हणले, करडाची कलेजी आन बोकडाची कलेजी, अख्ख्या, आन दोघं जिवंत असताना किती किलोचे व्हते ते सांगा. मामा सुरी खाली ठेवून बघाय लागला. म्हणला, पोरी, मी तीस वर्सं कापायलोय, कुणी गिऱ्हाईक बोकडाचं वजन जिवंतपणीचं इचारलं न्हाई. तू खाणार हाईस का पोरगी देणार हाईस त्याला? सगळी रांग हसली.

हसू दे. अंक भेटले. करडू सात किलो. आमच्या स्नेहाएवढंच! तेबी लिवून घेतलं. त्याची कलेजी दोनशे ग्रॅम. बावीस किलोच्या बोकडाची चारशे निघती, असं मामा तोंडी सांगितला.

घरी येऊन रेघा मारून हिशेब केला. करडाच्या अंगात त्याची कलेजी पस्तीस येळा बसती. बोकडाच्या अंगात पंचावन्न येळा. म्हंजे लहानाची मोठी! माणसाचं बी केलं. हे साठ किलो, लिवर दीड किलो, चाळीस येळा. स्नेहा सात किलो, पाव किलो, अठ्ठावीस येळा. बरोबर! सगळं बरोबर! मी सातवी न्हाई, दहावी शिकले असते तर डॉक्टरीण झाले असते. कलेजीला हात न लावायची सोय असंल तर.

एक बारीक गोष्ट. बोकडाची कलेजी आधीच कुणीतरी सांगून ठेवली व्हती, ती गेली. मामानं त्याच्या बदल्यात म्हाताऱ्या शेळीची दिली, तिबी बावीस किलोचीच व्हती म्हणं. काय फरक पडतोय. दोन्ही डब्यात घालून फ्रिजमधी ठेवल्या, दुधाच्या मागं. दुधाला वास लागला. ह्यांनी चहा थुकला.

उद्या फायनल.

१६ जानेवारी, गुरुवार. सकाळी.

शेळीची कलेजी खिळ्याच्या काट्यावर ठेवली. सहाशे दहा ग्रॅम.

चारशे निघाय पाहिजे व्हती. रेघा मारल्या. छत्तीस येळा. करडाची पस्तीस, हिची छत्तीस. म्हंजे काय फरकच न्हाई.

काटा बिघडला असंल. खिळ्याचा हाय, मऊ वस्तू मोजायची त्याला सवय न्हाई. आपण काटा दाखवायचाच न्हाई. हातावर द्यायचं.

दुपारी.

दोनदा हात धुतले, मंग लिवायलेय.

आत्याबाईला बाजेवर बसवलं. उजव्या हातात करडाची दिली, डाव्या हातात शेळीची. गार, लिबलिबीत, पाणी गळायलंय. मी तोंड फिरवून भाषण केलं, पाठ केलेलं. करडू सात किलो, शेळी बावीस किलो, आता सांगा अंगाच्या मानानं कुणाची मोठी. आत्याबाईनं दोन्ही हात वर खाली केले, पोत्यावाणी. म्हणल्या, शेळीचीच मोठी की ग. बावीस किलोच्या जनावराची येवढी नसती. हिला कायतर झालंय.

आन इळी घेतली आन चर्रकन कापली.

आतनं किडे निघाले. भोपळ्याच्या बीवाणी, चपटे, करडे, नळीतनं एकामागं एक सरकत. एक हालला. मी स्वतः बघितला. मी वट्यावरनं खाली पळाले आन कडुलिंबाला धरून वकले.

परत आले तर आत्याबाई किडा बोटावर घेऊन बसलेल्या. मला म्हणल्या, बघ. मोठं लिवर म्हंजे आत हे. तूच दाखवलीस. बरं झालं आणलीस, माझ्या मनात जरा शंका व्हती की नगं डागाय, लेकरू लहान हाय, आता न्हाई राहिली.

त्यांच्या मनात शंका व्हती! माझ्या प्लॅनच्या आधी!

शेळीची उकिरड्यात गेली. करडाची आत्याबाईनं मीठ-मिरची घालून तव्यावर परतली. माझा पुरावा. माझ्या ताटात वाढली. आज खाल्ल्याशिवाय उठू देणार न्हाई म्हणल्या, तुझं तोंड बघ कसं पांढरं पडलंय. दोन फोडी खाल्ल्या. चव बरी व्हती. हे खोडायचं.

त्यानंतर स्नेहाचं पोट मोजलं. किती येळा ते लिवत न्हाई. आता बोट ठेवलं की मला वाटतंय खाली कायतरी हालायलंय. डॉक्टरीणबाईनं आत कुठं बघितलं, वरनंच दाबलं न्हव? असं मनात येतंय. ते येऊ द्यायचं न्हाई. मनात येऊ द्यायचं न्हाई असं ठरवलंय.

१७ जानेवारी, शुक्रवार.

ह्यांना सकाळी स्पष्ट बोलले. सोमवारी घरी ऱ्हावा, आईला समजावा. हे म्हणले, सोमवारी दुकानात पत्र्याची गाडी खाली करायची हाय, आन आईला मी कवा समजावलंय? तूच सांग, तुझं ऐकतेत. माझं ऐकतेत! कुठल्या घरात ऱ्हातो हा माणूस?

यल्लम्मा आज लेकरू बघाय आली. मला वाटलं व्हतं कोण जटावाली येईल, लाल डोळ्याची. तर आपल्या आजीवाणी. धुतलेलं लुगडं, चष्मा, तोंडात पान. बोलती गोड. स्नेहाचं पोट दाबलं तर स्नेहा खुदूखुदू हसली, तिचा चष्मा ओढली. यल्लम्मा म्हणली, भिऊ नको अक्का, बारीक तीन डाग देते, आठ दिसांत खपली पडती, माझ्या हातचं एक लेकरू गेलं न्हाई. म्हणली, एक नारळ आन बोकडाची एक अख्खी कलेजी पाहिजे, न कापलेली, पोरीच्या पोटावरनं उतरवून टाकायची. सोमवारी मटनाचं दुकान बंद असतंय, आयतवारीच आणून ठेवा. कच्ची कलेजी. माझ्या लेकीच्या उघड्या पोटावरनं.

तिची पिशवी खुर्चीवर व्हती. आत्याबाई आन ती चहाला आत गेल्या. मी पिशवी उघडली. जुन्या कापडात गुंडाळलेली सळी. वितभर, टोकाला चपटी, बारक्या नाण्याएवढी. त्या टोकावर काळं कायतरी चिकटलेलं. काय ते मला ठाऊक. कुणाच्यातरी लेकराचं.

प्लॅन आपोआप झाला. मागल्या दारानं जायचं, हिरीत टाकायची, सळी न्हाई तर डागणार कशानं. निघाले. दारात नळ हाय. ते काळं टोक बघून हाताला कसंतरी झालं, वाटलं आधी धुवावं. घासणी घेतली, राख घेतली, घासली. काळं निघंना, म्हणून चिंच लावली. तांबं हाय, चिंचेनं लखलखाय लागलं. मला घासायचं काम लागलं की ध्यान ऱ्हात न्हाई.

यल्लम्मा मागं उभी. म्हणली, अग बाई, किती गुणाची सून. तीस वर्सांत कुणी घासून दिली न्हाई.

मी पुसून कापडात गुंडाळून तिच्या हातात दिली.

१८ जानेवारी, शनिवार.

काल लाजंनं झोप न्हाई. आज दोन कामं पक्की.

पहिलं, पळून जायचं. स्नेहाचे कपडे पिशवीत भरले, दहाच्या बसनं बिदर, तिथनं हुमनाबाद. अण्णाकडं न्हाई, फक्त हुमनाबादला. स्टँडवर उभी ऱ्हायले. आत्याबाई मागनं पळत आल्या, हातात टोपरं. म्हणल्या, थंडीत लेकराला बिनटोपऱ्याचं कुठं नेतीस? मी म्हणले, दळण टाकाय. पिशवीत दळण न्हाई हे त्यांना दिसलं असंल का ठाऊक न्हाई. बस आली, गेली. आमी तिघी घरी आलो. येताना गिरणीत जाऊन आलो, उगंच.

दुसरं, अण्णाला फोन. नियम माझा, मोडायचा बी मीच. ह्यांचा मोबाइल ह्यांच्याबरोबर, आत्याबाईचा मागायची सोय न्हाई. बालाजीमामाच्या दुकानावर गेले. शनिवार, गिऱ्हाईक कुणी न्हाई, मामा सुऱ्या धार लावत बसलेला. फोन मागितला, दिला. वाटेत काय बोलायचं ते दहा येळा घोकलं व्हतं: अण्णा, पोरीला सोमवारी पहाटे डागणार हायत, गाडीवर बसून आत्ता ये.

अण्णानं उचलला. मागं टायर ठोकल्याचा आवाज. म्हणला, कोण? मी म्हणले, मल्ली. त्यानं टायर ठोकणं थांबवाय लावलं. मंग म्हणला, काय अडलं का ग मल्ले?

असं कामून इचारायचं? चार बायांच्या समोर बोललेलं सगळं आठवलं. मी म्हणले, कुठं काय अडलंय, सक्रात गोड झाली का इचाराय केला, आमी मजेत हाव. स्नेहा कशी हाय म्हणला. मजेत हाय म्हणले. दाजी? मजेत. ये की एकदा इकडं म्हणला. बघू म्हणले आन ठेवला.

मामा सुरी थांबवून माझ्याकडं बघायला. कायतरी बोलणार व्हता, मी निघाले.

१९ जानेवारी, आयतवार. सकाळी नऊ. बालाजीमामाच्या दुकानावर.

उद्या पहाटेची कलेजी आणाय मलाच धाडलंय. रांग लई हाय. स्नेहा घरी आत्याबाईच्या मांडीवर हाय. डायरी मी येताना पदराखाली आणली. फळकुटावर बसून लिवायलेय, मागच्या माणसाला वाटायलंय मी यादी करायलेय.

माझा नंबर आला. मामानं कलेजी काढली. चांगली हाय, चारशे ग्रॅम, कीड न्हाई, डाग न्हाई. मी हातावर घेतली. गरम हाय अजून. त्या बोकडाला काय झालं नव्हतं आन त्याला कापला. माझ्या लेकीला बी काय झालं न्हाई. हे मला कळतंय. रेघा मारून कळतंय, हातावर घेऊन कळतंय, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. तोंडातनंच निघत न्हाई.

मामाला म्हणाय गेले, मामा, तुमी सांगा की कुणाला. म्हणले, मामा, जरा पिशवी डबल द्या.

इथं काट्याच्या शेजारी जुन्या वह्यांचा ढीग हाय. मामा एकेक पान फाडतो आन त्यात मटन बांधून देतो. माझी डायरी मी त्या ढिगावर वरनंच ठेवणार हाव, हेच पान उघडं करून. माझ्या मागं पंधरा गिऱ्हाईक हायत. एकाला तरी वाचाय येत असंल. ज्याच्या वाट्याला हे पान येईल त्यानं मटन सोडायच्या आधी वाचावं. रगत लागलं असंल तर पुसून वाचावं. मला बी किळस येती, पण वाचावं.

मी मल्लेश्वरी, नागूबाईची सून, गिरणीच्या मागलं घर, निळा दरवाजा. माझी लेक स्नेहा, सहा महिन्याची, सात किलो, तिचं लिवर दोन बोटं हाय आन ते तेवढंच असाय पाहिजे. उद्या सोमवारी दिवस उगवायच्या आधी तिला डागणार हायत. माझा भाऊ नरसिंग हुमनाबादला टायरच्या दुकानात हाय. त्याचा नंबर ह्याच पानाच्या मागं मोठा लिवलाय. त्याला आजच फोन लावा. गाडीवर तासात येतो. आत्याबाईला कुणी बोलू नका, त्या लेकराच्या मायेनंच करायलेत.

आन मला इचाराय घरी येऊ नका. मी मजेत हाव म्हणीन, चहा करीन. फोन माझ्या हातात देऊ नका. मी नगं म्हणले तरी लावा. माझ्या अण्णाला फोन लावा.